मार्ज दुसऱ्यांदा का गेली?

दुपारची भांडी घासून झाली असतील, कोणी बागेतून जेवायला घरी आल्या असाल, कोणाच्या हातात निवडायची मेथी असेल. तशाच बसा. हात चालू ठेवा, कान इकडे द्या.

गेल्या वेळी मी गटाचं प्रोसिडिंग कसं लिहायचं यावर बोलले होते. त्यानंतर मिटिंगला दोघीतिघी म्हणाल्या, "ताई, हिशोब पुष्कळ झाला, एखादी गोष्ट सांगा की." म्हणून आज गोष्ट. तीही खुनाची, आणि कडाक्याच्या थंडीतली. आता आमच्या निफाडकरांना थंडीचं काय कौतुक सांगायचं! पारा उतरला की पेपरात पहिलं नाव आपलं, आणि बागेत द्राक्ष वाचवायला रात्रभर शेकोट्या. पण ही गोष्ट जिथली आहे तिथं तळी गोठून दगडासारखी होतात, माणसं त्यावर चालत जाऊन भोक पाडून मासे धरतात. अमेरिकेच्या उत्तरेला, कॅनडाला लागून मिनेसोटा नावाचं राज्य आहे. तिथलं ब्रेनर्ड हे लहानसं गाव.

सिनेमाचं नाव 'फार्गो'. १९९६ साली आला. जोएल आणि ईथन कोएन या दोघा भावांनी काढलेला. माझा भाचा नाशिकला शिकतो, त्याने दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर लावला. म्हणाला, "मावशी, तुला आवडेल, यात पोलीस बाई आहे." बी.ए.ला माझं इंग्रजी बरं होतं असा माझा समज होता, पण या लोकांचं बोलणं काही कळेना. दर वाक्याला "या, या" म्हणतात, आपण "हो ना, हो ना" म्हणतो तसं. मग खाली अक्षरं येतात ती वाचत बघितला.

सुरुवातीलाच पडद्यावर लिहून येतं की ही सत्यकथा आहे, १९८७ साली मिनेसोटात घडलेली, फक्त नावं बदलली आहेत. मी विश्वास ठेवला. नंतर भाचा हसायला लागला. तसं काही घडलेलंच नाही, गोष्ट रचलेली आहे. छापून आलं म्हणजे खरं, ही सवय काही जात नाही बघा माझी. मोबाईलवर आलेलं पुढं पाठवताना तरी मी आता थांबते.

तर गोष्ट. जेरी नावाचा माणूस आहे. मिनियापोलिस या मोठ्या शहरात सासऱ्याचं गाड्यांचं शोरूम आहे, तिथं हा जावई विक्रीचा मॅनेजर. अंगात कोट, तोंडावर हसू, आणि आतून पार बुडालेला. कशात बुडाला ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. पण कसा बुडाला ते आपल्याला चांगलं कळेल. त्याने एका फायनान्स कंपनीकडून ३ लाख २० हजार डॉलर उचललेत, शोरूममधल्या गाड्यांवर. त्या गाड्यांचे नंबर, म्हणजे आपल्या ट्रॅक्टरच्या कर्जाला चेसिस नंबर लागतो तसे, त्याने कागदावर मुद्दाम पुसट लिहिलेत. कंपनीचा माणूस फोन करतो, "साहेब, नंबर वाचता येत नाहीत, परत पाठवा." हा म्हणतो, "पाठवतो की." परत पुसटच पाठवतो. फोनवर आवाज मात्र इतका गोड! मैत्रिणींनो, गटाच्या कर्जाच्या कागदावर खाडाखोड दिसली की मी का कुरकुर करते, ते हा भाग बघितला की कळेल.

या जेरीने काय केलं? फार्गो या दुसऱ्या गावी जाऊन दोन गुंडांना गाठलं. सिनेमाचं नाव त्या गावावरून, पण ते गाव दिसतं एवढ्यापुरतंच. गुंडांना सांगितलं, माझ्या बायकोला पळवा. सासरा श्रीमंत आहे, तो पैसे देईल. खंडणी ८० हजार डॉलर, त्यातले निम्मे तुमचे, वर एक नवी कोरी गाडी. आणि सासऱ्याला याने आकडा किती सांगितला? दहा लाख डॉलर. म्हणजे गुंडांनाही फसवलं, सासऱ्यालाही, आणि बायको तर हिशोबातच नाही.

ती बायको जीन. सकाळची वेळ, घरात एकटी, विणत बसलीय, टीव्ही चालू आहे. काचेच्या दारापाशी तोंड झाकलेला माणूस येतो. तिला आधी कळतच नाही काय चाललंय. मग पळते, न्हाणीघरात लपते, पडद्यात गुरफटून जिन्यावरून गडगडते. इथं भाचा हसला. बघणारे हसावेत अशीच ती जागा केलीय, पण मला काही हसू आलं नाही. ज्या नवऱ्याबरोबर तिने आदल्या रात्री जेवण केलं, त्याने स्वतः घराचा पत्ता दिलेला.

पुढं हॉटेलात सासरा, त्याचा हिशोबनीस आणि जेरी बोलायला बसतात. बाप म्हणतो, दहा लाख कशाला, पाच लाख देऊन बघू. पोटच्या मुलीची घासाघीस! हिशोबनीस त्याला आवरतो. मग तोच जेरीला विचारतो, मुलगा कसा आहे? जेरीला बारा-तेरा वर्षांचा मुलगा आहे आणि त्याची आई पळवली गेलीय, हे जेरीच्या ध्यानातच नाही. तो चपापतो. मला हा प्रसंग खुनापेक्षा भयानक वाटला.

आता खून. गुंड जीनला गाडीत मागे टाकून रात्री ब्रेनर्डजवळून चाललेत. नव्या गाडीला पाटी नीट लावलेली नाही म्हणून रस्त्यावरचा पोलीस त्यांना थांबवतो. थोराड गुंड, जो सिनेमाभर चार वाक्यंसुद्धा बोलत नाही, तो पोलिसाला गोळी घालतो. तेवढ्यात समोरून एक गाडी जाते, त्यातल्या दोघांनी बघितलं. तो त्यांचा पाठलाग करतो आणि दोघांनाही मारतो. पहाटेपर्यंत बर्फात तीन प्रेतं.

आणि इथं, सिनेमा अर्धा तास झाल्यावर, आपली बाई येते. मार्ज गंडरसन. ब्रेनर्डच्या पोलिसांची प्रमुख. सातवा महिना लागलाय.

आपल्याकडे सातव्यात डोहाळजेवण करतात. हिरवी साडी, फुलांची वाडी, झोपाळ्यावर बसवून ओटी भरतात. या बाईला पहाटे फोन येतो, चल, तीन माणसं मेलीत. नवरा नॉर्म झोपेतून उठतो आणि म्हणतो, थांब, अंडी करून देतो, उपाशी जाऊ नकोस. ती म्हणते तू झोप. तो ऐकत नाही. दोघं बसून खातात. ती बाहेर जाते आणि परत दारात येते, पोलिसाची गाडी थंडीने चालूच होत नाही, बॅटरी उतरलीय. यात खुनाचा तपास काही नाही, पण मी भाच्याला हा भाग परत लावायला सांगितला. नॉर्म घरी बसून बदकांची चित्रं काढतो. दुपारी तो ठाण्यात जेवण घेऊन येतो, आणि ती त्याच्यासाठी मासे धरायला गांडुळं आणून देते. "बायको मोठी, नवरा लहान" अशी कुरकुर एका वाक्यात नाही. आपल्या सिनेमात बाई पोलीस दाखवली की आधी तिचं घर मोडलेलं दाखवतात, ते मला कधी पटलं नाही.

मार्ज जागेवर पोचते. बर्फात वाकून ठसे बघते. आपल्याकडे शेतात रानडुक्कर आलं की जुनी माणसं पावलं बघून सांगतात, किती होती, कुठून आली, तसंच. हा पाय मोठ्या माणसाचा, तो दुसरा बारक्याचा. पोलीस आधी मेला, गाडीतले नंतर. मध्येच ती खाली वाकते आणि तशीच राहते. सोबतचा पोलीस लू विचारतो, काही सापडलं का? नाही हो, मळमळतंय, ओकारी येईलसं वाटतंय. दोन श्वास घेते, सरळ उभी राहते. गेली म्हणते, आता भूक लागली. आपल्यातल्या कितीजणींनी सातव्या-आठव्या महिन्यात कांदे लावलेत, बागेत डिपिंग केलंय! तिथंही असंच होतं म्हणायचं.

मग ती एक गोष्ट करते जी मला शिकायची आहे. मेलेल्या पोलिसाच्या वहीत शेवटची नोंद आहे, भुऱ्या रंगाची अमुक गाडी, पाटीवर डीएलआर. लू सकाळपासून डीएलआरने सुरू होणारे नंबर शोधतोय. मार्जच्या लक्षात येतं की डीएलआर म्हणजे डीलर. गाडी शोरूमची आहे, अजून विकलेली नाही, म्हणून नंबरच नाही. आता मी असते तर म्हणाले असते, "अरे, एवढं कळत नाही का तुला?" ती काय म्हणते? तुझं हे काम मला शंभर टक्के काही पटलं नाही बरं का, असं हळूच सांगते. तो ओशाळतो, तर लगेच पाट्यांवरचा एक विनोद सांगून त्याला हसवते. मैत्रिणींनो, आपल्या गटांत कितीजणी हिशोब लिहिणं सोडून देतात, कारण एकदा चूक झाली आणि पंधरा बायकांसमोर कोणीतरी बोललं. कोणीतरी म्हणजे मीसुद्धा.

डीलरवरून आणि फोनच्या नोंदींवरून धागा मिनियापोलिसला जातो. मार्ज जेरीच्या शोरूममध्ये येते. विचारते, तुमची एखादी गाडी गायब आहे का? नाही, तो म्हणतो. आणि ती निघून जाते. हो, निघून जाते. एवढी हुशार बाई, पण समोरचा कोट घातलेला, गोड बोलणारा माणूस "नाही" म्हणाला, तिने मान्य केलं.

त्याच मुक्कामात शाळेतला एक जुना ओळखीचा तिला हॉटेलात भेटतो. आपल्याच वर्गातल्या अमकीशी लग्न झालं होतं, ती आजाराने गेली, असं सांगून रडतो. मार्जला वाईट वाटतं. भाचा म्हणाला, हा प्रसंग इथं कशाला घातलाय कोण जाणे. थोड्या वेळाने मार्ज एका मैत्रिणीशी फोनवर बोलते तेव्हा कळतं, सगळं खोटं. लग्न झालंच नव्हतं, ती मुलगी जिवंत आहे, हाच तिच्या मागे लागून तिला त्रास देत होता. मार्ज गाडीत बसून खाते आणि विचार करते. बोलत काहीच नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. डोळ्यात पाणी आणून माणूस इतकं सरळ खोटं बोलू शकतो. मग परवा कोण कोण माझ्याशी गोड बोललं?

आणि ती जेरीकडे दुसऱ्यांदा जाते.

इथं मी सिनेमा थांबवला. भाच्याला वाटलं चहा करायचाय. मला दुसरंच आठवलं. ते सांगते. ज्या ताईंचं आहे त्यांना विचारून सांगते, गाव आणि नाव मात्र सांगणार नाही.

एका गटातल्या ताईंनी शिलाई मशीनसाठी चाळीस हजार कर्ज घेतलं. मशीन, पिको-फॉलची जोडणी, थोडं कापड असं. नियमाप्रमाणे मी महिन्याभराने बघायला गेले. ओट्यावर मशीन होतं, वर स्वच्छ कव्हर. नवऱ्याने खुर्ची दिली. ताईंनी चहा केला. मी विचारलं, "ताई, चाललंय ना चांगलं?" भाऊच म्हणाले, "एकदम झकास मॅडम, ऑर्डरी पुऱ्या होईनात." ताई हसल्या. मी वहीत 'मशीन पाहिले, काम सुरू' असं लिहून सही केली. हप्तेही वेळेवर येत होते. मला काय हवं होतं आणखी?

संक्रांतीला एकीकडे हळदीकुंकू होतं. माझ्याकडे ब्लाउजपीस पडून होता. ताई शेजारी बसल्या होत्या, म्हटलं, "तुम्हीच शिवून द्या की." त्या पटकन बोलून गेल्या, "मला कुठं येतंय शिवायला." आणि मग गप्प झाल्या. मीही गप्प. तिळगूळ हातातच राहिला.

तीन दिवसांनी मी परत गेले. न सांगता, आणि भाऊ बाजार समितीत असतील अशा वेळी. ओट्यावर मशीन नव्हतं. ते शेजारणीचं होतं, एका दुपारपुरतं आणलेलं. चाळीस हजार भाऊंच्या जुन्या उधारीत गेले होते. आणि हप्ता? ताई द्राक्षबागेत मजुरीला जात होत्या, त्यातून भरत होत्या. ज्या पैशाला त्यांनी हात लावला नाही तो त्या फेडत होत्या. मी म्हटलं, "अहो, मी आले होते तेव्हा बोलायचं की." त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत ताई. पण यांच्यासमोर विचारलंत."

मला त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. वहीत माझी सही आहेच.

पुढं गटाच्या अध्यक्षा आणि मी त्यांच्या घरी बसलो. भाऊंना बोलावलं. आरडाओरडा झाला, थोडी रडारड झाली. आता हप्ता ते देतात. खरंच देतात का, हे मी दर महिन्याला विचारते, ताईंना एकटीला गाठून, विहिरीवर नाहीतर बागेच्या बांधावर. दोन महिने ताईंनीच भरला होता हेही तिथंच कळलं.

असो. चहा झाला, भाच्याने सिनेमा पुढं चालू केला.

मार्ज जेरीला एकच गोष्ट विचारते. गाडी गायब नाही हे तुम्हाला कसं माहीत? मोजल्यात का? तो चिडतो. आधी कधी आवाज चढवला नाही तो माणूस चिडतो. आत्ता मोजतो म्हणून बाहेर जातो, आणि ती खिडकीतून बघते तर हा गाडी घेऊन पळून चाललाय!

जीनचं काय झालं, विचारताय? मेली. तळ्याकाठच्या झोपडीत. खंडणी घेऊन परत यायच्या आधीच. ती ओरडत होती म्हणून मारलं, एवढंच कारण. तिचा बाप पैसे घेऊन स्वतः गेला, तोही मेला. बारक्या गुंडाला बॅगेत ८० हजारांच्या जागी दहा लाख दिसतात. तो वाटणीचे तेवढे ठेवून बाकीचे बर्फात पुरतो, खूण म्हणून गाडीचा बर्फ खरवडायचं लाल खरवडणं खोचतो. चारी बाजूंना सपाट बर्फ आणि एकसारखं तारेचं कुंपण. ते पैसे पुढं कोणालाच मिळत नाहीत. मग भुऱ्या गाडीच्या वाटणीवरून दोघा गुंडांत भांडण होतं आणि थोराड बारक्याला कुऱ्हाडीने मारतो. एका गाडीवरून.

मार्ज एकटीच त्या तळ्याच्या बाजूने गाडी नेते, कारण गावातल्या एका माणसाने दारातला बर्फ ओढता ओढता पोलिसाला सांगितलं होतं, गुत्त्यावर एक विचित्र माणूस बडबडत होता. झोपडीपाशी भुरी गाडी दिसते. मागे लाकूड बारीक करायचं यंत्र घरघरतंय. त्यात काय चाललंय ते मी रेडिओवर सांगत नाही, जेवणाची वेळ आहे. ती पोट सावरत बर्फातून जाते, टोपीवरची पोलिसाची खूण बोटाने दाखवते. तो पळतो, ती पायावर गोळी मारते आणि पकडते.

परतीच्या वाटेवर तो मागे बसलाय, ती गाडी चालवतेय. ती मोजते. झोपडीतली ती बाई होती म्हणते, म्हणजे जीन. यंत्रातला तुझा जोडीदार. ब्रेनर्डचे तिघं. आणि हे सगळं थोड्याशा पैशांसाठी. दिवस किती छान आहे बघ, असंही म्हणते, आणि मला हे समजत नाही म्हणते. आरडाओरड नाही. अख्ख्या सिनेमात जीनला "ती बाई होती" असं मोजणारी ही एकटीच. आणि तिनेही जीनला जिवंत कधी पाहिलं नव्हतं.

मार्जचं काम फ्रान्सिस मॅकडॉरमंड या बाईने केलंय. त्यासाठी तिला ऑस्कर मिळालं, सिनेमाच्या लेखनालाही मिळालं. दिग्दर्शक जोएल कोएन तिचा नवरा. आणखी एक गंमत, चित्रीकरणाच्या वर्षी मिनेसोटात नेमका बर्फच कमी पडला. बर्फ शोधत त्यांना आणखी उत्तरेला जावं लागलं.

शेवटचा प्रसंग घरातला. रात्री मार्ज आणि नॉर्म अंथरुणात. नॉर्मने बदकाचं चित्र टपाल तिकिटासाठी पाठवलं होतं. निवडलं गेलंय, पण तीन सेंटच्या तिकिटावर. मोठं, २९ सेंटचं तिकीट दुसऱ्याच्या चित्राला गेलं. तो हिरमुसलाय, तीन सेंटचं तिकीट कोण वापरतं म्हणून. मार्ज म्हणते, टपालाचे दर वाढले की घरात जुनी तिकिटं पडून असतात, तेव्हा वर लावायला लोकांना लहानच तिकीट लागतं. तो जरा खुलतो. पोटावर हात ठेवतो. अजून दोन महिने, म्हणतो. तीही म्हणते, दोन महिने.

बघायचा असेल तर मुलं झोपल्यावर बघा, रक्त बरंच आहे. आणि येत्या मिटिंगला ज्यांच्या कर्जाची पाहणी माझ्याकडे आहे त्यांनी ऐकून ठेवा, मी या महिन्यात परत येणार आहे. कधी ते सांगणार नाही. चहा ठेवू नका. येते मी, नमस्कार.